चढणीचा रानमासा : होह नदीवरचा स्टीलहेड आणि फ्लायची गरी

पाणकळा (धागाकर्ता)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे सिअ‍ॅटलच्या उत्तरेस राहतो आणि त्यांपैकी नऊ हिवाळे वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम टोकाला, ऑलिम्पिक द्वीपकल्पावरच्या होह नावाच्या नदीत मांडीभर पाण्यात उभा राहून स्टीलहेड या माशासाठी गरवत आलो आहे. ‘गरवणे’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण माझे आजोबा खाडीवर जे करत असत त्याला घरात हाच शब्द होता, आणि काठी, दोरी, गरी यांचे रूप बदलले तरी काम तेच आहे. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर मला विचारले गेले की दिवसभर गारठ्यात उभे राहायचे, मासा बहुधा लागायचा नाही आणि लागलाच तर सोडून द्यायचा, यात साधते काय. त्याचे उत्तर दोन ओळींत देणे मला जमले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी माशाविषयी. स्टीलहेड आणि रेनबो ट्राउट ही एकच जात आहे, ऑन्कोरिंकस मायकिस. एकाच नदीत जन्मलेली काही पिल्ले आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतात आणि ट्राउट म्हणून ओळखली जातात. काही मात्र एक ते तीन वर्षे नदीत काढून समुद्रात उतरतात, उत्तर पॅसिफिकमध्ये दोन-तीन वर्षे फिरून वाढतात आणि आठ-दहा पौंडांची, क्वचित वीस पौंडांहूनही मोठी होऊन आपल्याच नदीत अंडी घालायला परत येतात. पॅसिफिकमधला सामन अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेड मरेलच असे नाही; काही मासे, त्यातही माद्या, पुन्हा समुद्र गाठतात आणि दुसऱ्यांदा चढतात. १९६९ पासून हा वॉशिंग्टनचा राज्यमासा आहे. कोकणातल्या वाचकांना मी त्याला सरळ ‘चढणीचा मासा’ म्हणेन. आपले मासे मृगाच्या पहिल्या पुरात ओहोळांतून वर चढतात, तर मी ज्यांच्यासाठी गरवतो ते हिवाळी स्टीलहेड नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतच्या पुरांवर चढतात, कारण तिथला पावसाळा हिवाळ्यात असतो.

होह नदी माउंट ऑलिम्पसच्या हिमनद्यांतून निघते आणि सुमारे ५६ मैल वाहून होह या आदिवासी जमातीच्या वस्तीशेजारी थेट समुद्राला मिळते. तिच्यावर एकही धरण नाही. तिच्या वरच्या खोऱ्यातल्या वर्षावनात वर्षाला साधारण ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीच्या मानाने हा कमीच, पण तो थंड असतो आणि आठवडेच्या आठवडे थांबत नाही. हिमनदीखाली दळलेल्या खडकाचे पीठ पाण्यात मिसळलेले असल्यामुळे नदीचा रंग उन्हाळ्यात दुधी राखाडी आणि हिवाळ्यात, पूर ओसरत असताना, फिकट हिरवा असतो. हा हिरवा रंग आला आणि हातभर खोलीवरचा गोटा दिसू लागला, की गरवायचे दिवस आले असे समजावे. पूर चढत असेल तर घरीच राहावे.

आता गरवण्याची रीत. काठी साडेतेरा फुटांची, दोन्ही हातांनी धरायची. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवरून या प्रकाराला स्पे म्हणतात, कारण मागे झाडी असली तरी दोरी मागे न नेता पाण्यावरच टेकवून पुढे फेकण्याची युक्ती तिकडची आहे. हिवाळ्यातल्या जड फ्लायसाठी (फ्लाय म्हणजे गरीवर पिसे बांधून केलेले खोटे भक्ष्य) तिच्यात जे बदल झाले ते मात्र इथल्याच स्कॅजिट नदीवर, आणि त्या फेकीला आज त्याच नदीचे नाव आहे. नावाचा अर्थ माशी असला तरी हिवाळ्यातली फ्लाय माशीसारखी दिसत नाही. ती बोटाएवढी लांब असते, शहामृगाच्या आणि इतर मऊ पिसांची, बहुतेकदा काळी-निळी किंवा गुलाबी-नारिंगी, आणि पाण्यात श्वास घेतल्यासारखी फुलते-मिटते. प्रवाहाला तिरकी फेक करायची, दोरीला वरच्या अंगाने एक बाक देऊन बुडणाऱ्या टोकाला खाली जायला वेळ द्यायचा, मग प्रवाहच फ्लायला पलीकडून अलीकडे कमानीत ओढत आणतो. याला स्विंग म्हणतात. फ्लाय काठाशी येऊन स्थिरावली की दोन पावले खाली सरकायचे आणि पुन्हा फेकायचे. एक पट्टा असा उतरायला दोन तास लागतात.

मासा लागतो तेव्हा काय होते, हेही सांगतो. पाण्याचे तापमान चार-पाच अंशांवर असते, बोटे बधिर झालेली असतात, आणि दोरी फार सावकाश सरकत असते. एकदम ती सरकायची थांबते. झटका नसतो, जणू कुणी दोरी हातात घेतली आहे. त्या क्षणी काठी उचलली की सगळे संपते, कारण मासा अजून वळलेला नसतो. हात खाली ठेवून वाट पाहायची. मग रिळातून दोरी जायला लागते, आधी ओढ, मग धाव, आणि तेव्हाच काठी काठाच्या दिशेने वळवायची. हा संयम शिकायला मला चार हिवाळे लागले.

गेल्या हिवाळ्यात मी एकूण अकरा दिवस नदीवर होतो आणि माझ्या हाती दोन मासे आले. हे प्रमाण इथे वाईट समजत नाहीत.

खाडीकाठकर

लेख मनापासून आवडला. मी निवृत्तीनंतर मालवणजवळ राहतो आणि लहानपणापासून गरी, पाग आणि रापण या तिन्हींशी संबंध आलेला माणूस आहे. चढणीचा मासा हा शब्द वाचून फार बरे वाटले. आमच्याकडे पहिल्या पावसात कंदील घेऊन माणसे ओहोळावर जात असत आणि अंड्यांनी भरलेले मासे टोपलीने आणत असत. आज तेच ओहोळ मी पाहतो तेव्हा टोपली तर सोडाच, ओंजळभर मासाही दिसत नाही. चढणीला मासा धरणे म्हणजे पेरणीचे बियाणे खाणे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

परंतु एक गोष्ट मला मान्य करता येत नाही. ज्याला खायचे नाही त्याला गरी का लावायची? आमच्या घरी मासा धरणे हे पोटाशी जोडलेले काम होते. मासा दमवायचा, हाताळायचा आणि सोडून द्यायचा, यात माशाला होणाऱ्या त्रासाचे कारण केवळ आपला आनंद उरतो. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिता म्हणून प्रामाणिकपणे विचारतो. राग मानू नये.

सह्यवाट

मी काही काळ ओरेगनमध्ये होतो. तिथे अनेकदा ऐकले की स्टीलहेड कमी होण्याचे मुख्य कारण स्थानिक जमातींची जाळी आहेत. गरवणारे सोडून देतात आणि जाळीवाले नेतात, असे असेल तर सोडण्याला काय अर्थ राहतो? माहिती म्हणून विचारतो आहे.

पाणकळा

काका, राग कसला मानायचा. हा प्रश्न मी स्वतःला दर डिसेंबरात विचारतो, आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्याकडे आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्या हिशेबावर मी उभा आहे तो इथे मांडतो.

सोडलेला प्रत्येक मासा जगतो असे नाही. राज्याचे मत्स्यखाते आपल्या गणितात सोडलेल्या रानटी, म्हणजे नदीतच जन्मलेल्या, स्टीलहेडपैकी सुमारे १० टक्के मरतात असे धरते. म्हणजे माशावर पडणारा भार हा तो सोडला की नाही एवढ्यावर ठरत नाही, एकूण किती मासे गरीला लागले यावर ठरतो. नावेत बसून, आमिष लावून, एका दिवसात दहा मासे लावणाऱ्याने ते सगळे सोडले तरी हिशेबाने एक मासा मारलाच. म्हणूनच डिसेंबर २०२० मध्ये या किनाऱ्यावरच्या नद्यांत नावेतून गरवणे बंद झाले, आमिष बंद झाले आणि एकाच टोकाची, उलटा काटा नसलेली गरी सक्तीची झाली. तेव्हा अनेकांनी तक्रार केली. मला तो निर्णय योग्य वाटला आणि अजूनही वाटतो.

काठावरून फ्लाय स्विंग करणे ही स्टीलहेड लावण्याची कदाचित सर्वांत कमी फळणारी रीत आहे. जो मासा आपणहून जागा सोडून तिच्यामागे येतो तोच लागतो. जो खोल कोंडात दमून पडला आहे त्याच्या तोंडापुढे ती जात नाही. लोक याकडे या रीतीचा दोष म्हणून पाहतात. माझ्या मते मासे इतके थोडे उरलेले असताना तिचे समर्थन करता येते ते याच गोष्टीमुळे. मला नदीवर अकरा दिवस मिळाले आणि नदीला माझ्यामुळे दोन मासे दमवावे लागले. एक मासा हाती आला की त्या दिवसापुरती मी काठी उतरवून ठेवतो आणि उरलेला वेळ काठाने चालतो. हा सरकारी नियम नाही, मी स्वतःला घालून घेतलेला आहे.

एक चूक कबूल करतो. दुसऱ्या हिवाळ्यात मला पहिली रानटी मादी लागली. समुद्रातून नुकतीच आलेली, चांदीसारखी, पोटाशी अजून समुद्री उवा चिकटलेल्या. गोड्या पाण्यात त्या फार दिवस टिकत नाहीत, म्हणजे ती एक-दोन भरतींपूर्वीच नदीत शिरली होती. छायाचित्रासाठी मी तिला काठावरच्या गोट्यांवर ओढले आणि दोन्ही हातांनी उचलले. तिने अंग झाडले आणि हातांतून निसटून गोट्यांवर आपटली. पाण्यात सोडल्यावर ती गेली, पण माझ्या तळहातांना तिचे खवले चिकटून राहिले होते, दहा-बारा, नखाएवढे. त्या अंड्यांचे पुढे काय झाले असेल हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. वॉशिंग्टनमध्ये रानटी स्टीलहेड पूर्णपणे पाण्याबाहेर काढणे नियमाने मना आहे, आणि हा नियम का आहे ते मी त्या खवल्यांवरून शिकलो. आता मासा गुडघाभर पाण्यातच राहतो, शेपटीच्या मुळाशी एक हात, गरी चिमट्याने उलटी फिरवायची, आणि तो स्वतः जोर करून सुटेपर्यंत तोंड प्रवाहाकडे धरायचे. छायाचित्र घेत नाही.

सह्यवाट, आपण विचारलेत ते बरे झाले, कारण हे म्हणणे इथे फार पसरलेले आहे आणि ते अर्धवट आहे. होह, क्विलियुट, क्विनॉल्ट या जमातींनी अमेरिकी सरकारशी झालेल्या १८५५-५६ च्या करारात जमीन सोडली आणि मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे अनेक दशके राज्याने तो हक्क पायदळी तुडवला, माणसांना अटक केली, जाळी जप्त केली. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा करार करणाऱ्या जमातींचा आहे, आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कायम ठेवला. त्यांचा वाटा हा कुणी दिलेली सवलत नसून त्यांची मूळ मालकी आहे. मासे घटले ते त्याआधीच्या डबाबंद कारखान्यांनी, खोऱ्यांतल्या जंगलतोडीने उतारांवरून आलेल्या गाळाने, धरणांनी, तापत चाललेल्या समुद्राने आणि रस्त्यांखालच्या मोऱ्यांनीही. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल. रस्ता बांधताना ओढा लोखंडी नळातून काढला, पुढे नळाचे तोंड ओढ्याच्या तळापासून दोन हात वर लटकत राहिले, की वरचा सगळा ओढा माशाला कायमचा बंद. या जमातींनीच राज्याविरुद्ध मोऱ्यांचा दावा लावला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते ४-४ अशी विभागली जाऊन राज्याने मोऱ्या दुरुस्त कराव्यात हा आदेश कायम राहिला. आज मी ज्या उघड्या झालेल्या ओढ्यांच्या मुखाशी गरवतो, ते उघडण्यात माझ्यासारख्या गरवणाऱ्यांपेक्षा त्यांचा वाटा मोठा आहे.

मत्स्यगंधा

मी मत्स्यशास्त्र शिकले आहे, त्यामुळे ‘रानटी’ या शब्दाविषयी थोडे लिहिते. पाणकळा यांनी तो गृहीत धरला आहे, परंतु सारा वाद त्याच शब्दाभोवती आहे.

उबवणी केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा पाठीवरचा लहान मांसल पर, ज्याला मेदपर म्हणतात, सोडण्यापूर्वी कापला जातो. मोठा होऊन आलेल्या माशाला तो पर असेल तर तो रानटी समजतात आणि नसेल तर केंद्रातला. वरवर दोघे सारखेच दिसतात. मात्र ओरेगनमधल्या हूड नदीवरच्या स्टीलहेडच्या जनुकीय वंशावळीचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की बंदिवासात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे निसर्गात संतती टिकवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरते. हौदात जगायला जे गुण उपयोगी पडतात ते नदीत घातक ठरतात, आणि असे मासे रानटी माशांशी मिसळले की ती घसरण त्यांच्या वंशातही उतरते. याच कारणाने वॉशिंग्टनमध्ये सोल डक, निस्क्वाली आणि एल्व्हा यांसारख्या काही नद्यांत केंद्रातले स्टीलहेड सोडायचे नाहीत असे ठरले.

हे आपल्यापासून दूर नाही. लोणावळ्याच्या उबवणी केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीर या माशाची पैदास होते आणि ते काम ज्या तळमळीने झाले त्याबद्दल मला आदर आहे. तिथला निळ्या परांचा महसीर हा आपल्या दख्खनी नद्यांतला. तो कावेरीतही सोडला गेला. कावेरीच्या खोऱ्यात मात्र जगात दुसरीकडे कुठेही नसलेला, मोठ्या कुबडाचा महसीर होता. कावेरीकाठच्या गरवणाऱ्यांच्या तळांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा दिसले की निळ्या परांचे मासे भराभर वाढत गेले आणि कुबडाचा महसीर नोंदींतून जवळजवळ नाहीसा झाला. २०१८ मध्ये त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. खाडीकाठकर काकांच्या प्रश्नाशी याचा संबंध असा की मासा धरून सोडणाऱ्यांनी वह्या लिहिल्या नसत्या, तर हा मासा नाहीसा होत आहे हे कळायलाही कुणाकडे काही साधन नव्हते. त्याने त्रास देणे योग्य ठरते असे मी म्हणत नाही. पण तोलताना हेही पारड्यात असावे.

दगडधोंडा

मी पोर्टलंडला राहतो आणि उन्हाळ्यात चढणाऱ्या स्टीलहेडसाठी ओरेगनमधल्या नॉर्थ अम्पक्वा नदीवर अनेक वर्षे जात होतो. त्या नदीचा तीसएक मैलांचा वरचा भाग फक्त फ्लायसाठी राखलेला आहे, आणि त्यात येऊन मिळणारी स्टीमबोट क्रीक ही उपनदी १९३२ पासून गरवण्यासाठी पूर्ण बंद आहे. तिथल्या बिग बेंड नावाच्या डोहात उन्हाळ्यात शेकडो स्टीलहेड थंड पाण्याच्या आश्रयाला थांबतात. काठावर बसले की खाली निळसर सावल्या एका दिशेला तोंड करून स्थिर उभ्या असलेल्या दिसतात, मधूनच एखादी वर येऊन पाण्यावरून वाहणारे पान तोंडात घेते आणि सोडून देते. तिथे पूर्वी सुरुंग लावून मासे मारले गेले, म्हणून ली स्पेन्सर नावाच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षे मे ते डिसेंबर त्या डोहाकाठी मुक्काम करून पहारा दिला आणि माशांच्या वागण्याच्या वह्या भरल्या.

२०२१ च्या उन्हाळ्यात तिथे इतके कमी मासे आले की ओरेगनच्या मत्स्यखात्याने ऑगस्टपासून नदीच बंद केली. त्या वर्षी मी काठी घेतली नाही आणि त्यानंतरही घेतलेली नाही. पाणकळा, तुमचा हिशेब मला पटतो, पण तो मासे पुरेसे आहेत या गृहीतावर उभा आहे. मासे इतके कमी असतील तर दोनही का दमवावेत?

पाणकळा

दगडधोंडा, तुमच्या या मुद्द्यापुढे माझ्याकडे प्रतिवाद नाही. १ मार्च २०२२ रोजी आमच्याकडच्याही सगळ्या किनारी नद्या हंगामाच्या मध्यात बंद झाल्या, कारण परत येणारे मासे अंदाजापेक्षा कमी भरत होते. त्या वर्षी माझे चार दिवस शिल्लक होते. मी त्या चार दिवसांत नदीवर गेलो, काठीशिवाय, आणि खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी फार सुने वाटले. नदी उघडी की बंद, हे मोजणी करणाऱ्यांनी ठरवावे आणि आपण ते निमूटपणे मानावे, एवढेच मी म्हणू शकतो. नावेच्या उतारावर मोजणीचे कर्मचारी उभे असतात. किती तास गरवले, किती लागले, पर होता की नव्हता, हे ते विचारतात. अनेकजण त्यांना चुकवून जातात. मी शून्य मासे लागलेल्या दिवशीही थांबून सांगतो, कारण शून्य हीदेखील नोंद आहे, आणि मत्स्यगंधा ताईंनी कावेरीचे लिहिले ते वाचल्यावर तर मी हे अधिकच आग्रहाने सांगेन.

सह्यगंधा

मी फेब्रुवारीत बहिणीकडे सिअ‍ॅटलला येणार आहे. मला गरवायचे नाही, पण नदी आणि शक्य झाल्यास मासा पाहायचा आहे. पाण्यात उतरणे सुरक्षित असते का?

खाडीकाठकर

मी माझा प्रश्न मागे घेत नाही, पण ज्याला तो टोचतो त्याच्याशी बोलायला बरे वाटते. पाणकळा, एक विचारतो. त्या माद्या अंडी कुठे घालतात? काठावरून ती जागा ओळखू येते का? आमच्याकडे ओहोळाच्या कडेला गवतात अंडी दिसत असत.

पाणकळा

काका, ओळखू येते, आणि ती ओळखणे फार आवश्यक आहे. मादी बोराएवढ्या ते लिंबाएवढ्या गोट्यांच्या उथळ पट्ट्यात आडवी होऊन शेपटी आपटते, गोटे उडवून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरच्या अंगाचे गोटे उकरून ती झाकते. त्यामुळे भोवतीचे गोटे शेवाळाने काळपट आणि ती जागा मात्र नुकती धुतल्यासारखी फिकट, तिच्या वर लहान खळगा आणि खाली उंचवटा, अशी दिसते. मार्चपासून पुढे असा फिकट गोल दिसला की त्यावर पाय पडू द्यायचा नाही. गोट्यांखाली अंडी असतात आणि एका पावलाने चिरडतात. नदी ओलांडताना म्हणूनच मी उथळ टाळून थोडे खोल पाणी निवडतो.

सह्यगंधा, आपण जरूर या. महामार्ग १०१ सोडून होह वर्षावनाकडे जाणारा रस्ता बराच काळ नदीच्या सोबतीने जातो आणि काठावर उतरण्याच्या जागा आहेत. झाडांवरचे हातभर लांब शेवाळ पाहण्यासाठीच लोक येतात. मासा दिसण्याची आशा मात्र ठेवू नका, कारण हिवाळ्यातले पाणी तळ दाखवत नाही. पाण्यात उतरू नये असेच मी सांगेन. उतरायचेच झाले तर कुणाबरोबर, हातात आधाराची काठी, बुटाच्या तळाला खिळे, आणि छातीपर्यंतच्या रबरी पोशाखावर कमरेला पट्टा घट्ट बांधलेला असावा, म्हणजे पडल्यास आत पाणी भरत नाही. सहाव्या हिवाळ्यात माझा पाय एका गोल गोट्यावरून गेला आणि मी तीसएक पावले वाहत गेलो. पट्टा होता म्हणून काठाला लागलो. आदल्या रात्री नदीच्या पातळीचा आलेख पाहावा. रेघ वर जात असेल तर वर्षावनात फिरावे आणि नदीकडे रस्त्यावरूनच पाहावे.